तासाला २४० नग : हा आकडा येतो कुठून?

एका कुरिअर गोदामाच्या एका रात्रीच्या हजेरीपटावर माल भरणाऱ्या दोन लोडरांच्या नावांपुढे त्यांनी हाताळलेल्या नगांचे दोन आकडे होते, १,१०० आणि ४२०. पहिल्याला सकाळी सगळ्यांसमोर टाळ्या आणि शंभर रुपयांचं कूपन मिळालं. दुसऱ्याला सुपरवायझरनं बाजूला घेऊन समज दिली. पहिला पाकिटांच्या बेल्टवर, म्हणजे माल सरकवत आणणाऱ्या पट्ट्यावर होता. तिथे मोबाइलची कव्हरं, टी-शर्ट, चार्जर असा माल, सरासरी नग सहाशे ग्रॅमचा. म्हणजे रात्रभरात ६६० किलो. दुसरा जड मालाच्या डॉकवर, म्हणजे ट्रक लागतो त्या धक्क्यावर होता. तुपाचे डबे, मिक्सर, कुत्र्याच्या खाण्याच्या पिशव्या, घरी व्यायाम करणाऱ्यांची डंबेल्स, सरासरी नऊ किलो. गुणाकार केला तर ३,७८० किलो होतात. पहिल्याच्या पाचपटीहून जास्त.

हा पट मीच तयार करत असे, त्यामुळे दोष थोडा माझाही. वाघोलीच्या पुढे नगर रस्त्यावरच्या एका कुरिअर हबमध्ये 'आज रात्री किती माणसं लागतील' हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. घरी कुणी विचारलं की मी 'ऑपरेशन्स' म्हणायचो. खरं काम म्हणजे माणसं मोजणं. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की एकच प्रश्न यायचा, 'खोकी उचलायची तर आहेत, त्यात एवढा कसला हिशेब?' हिशेब भरपूर आहे. त्यात काय धरलं आणि काय सोडलं, यावर कुणाची कंबर धरते ते ठरतं.

आधी काम नेमकं काय ते बघू. पुण्याला येणारा ऑनलाइन माल वाघोली, लोणीकंद, चाकण, खेड शिवापूर अशा गावांच्या शिवारात उभ्या राहिलेल्या शेडमध्ये उतरतो. शहरातल्या अनेक रस्त्यांवर दिवसा जड वाहनांना मनाई असते, आणि गिऱ्हाइकाला सकाळी दहाला पार्सल दारात हवं असतं. त्यामुळे सगळी धावपळ रात्री. मोठा ट्रक डॉकला लागतो, माल उतरतो, स्कॅन होतो, पिनकोडप्रमाणे वेगळा होतो आणि दुसऱ्या बाजूच्या गाड्यांमध्ये भरला जातो. त्यातल्या काही लांब पल्ल्याच्या, काही शहरातल्या छोट्या केंद्रांकडे जाणाऱ्या. भरणाऱ्याला हबच्या भाषेत लोडर म्हणतात. मार्केट यार्डातला माणूस त्यालाच हमाल म्हणेल, आणि ते जास्त बरोबर आहे.

भरणी म्हणजे नुसतं आत ढकलणं नव्हे. जड माल खाली, हलका वर. खोकी विटांच्या भिंतीसारखी सांधे चुकवून रचायची, लेबल बाहेरच्या बाजूला. डिलिव्हरीची गाडी असेल तर शेवटच्या थांब्याचा माल आधी आत आणि पहिल्या थांब्याचा दाराशी. थप्पी चांगली लागली तर पुढच्या केंद्रावर माल सुरळीत उतरतो. घाईत लागली तर दार उघडताच वरचं खोकं उतरवणाऱ्याच्या अंगावर येतं. म्हणजे एका हबची घाई दुसऱ्या हबच्या डोक्यावर पडते, आणि तिथला अपघात या हबच्या वहीत कधीच लिहिला जात नाही.

घड्याळ लावून मोजलं तर

टार्गेट ठरवायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. माणसाशेजारी घड्याळ घेऊन उभं राहायचं, एका नगाला किती सेकंद लागतात ते बघायचं आणि ३,६०० ला त्यानं भागायचं. आमच्याकडे पंधरा सेकंद निघाले. म्हणजे तासाला २४० नग.

हे मोजमाप खोटं नव्हतं, पण मोजलं कधी ते बघा. पाळीच्या पहिल्या तासात, ताज्या दमाच्या माणसावर, बेल्ट चालू असताना, मध्यम आकाराच्या खोक्यांवर, आणि गाडी अर्धी भरलेली असताना. शेवटचा मुद्दा कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तोच उलगडून सांगतो. बत्तीस फुटी गाडी म्हणजे जवळजवळ दहा मीटर खोल बोगदा. भरणी सुरू होते ती आतल्या टोकापासून. गाडीच्या आत सरकत जाणारा बेल्ट नसेल, तर पहिल्या थरांचं प्रत्येक खोकं दारापासून दहा मीटर आत न्यायचं आणि दहा मीटर रिकाम्या हातानं परत यायचं. एवढी चालच पंधरा-वीस सेकंद खाते. उचलणं आणि रचणं अजून धरलेलंच नाही. गाडी भरत येते तशी चाल कमी होते, पण तोवर माणूस दमलेला असतो आणि छताजवळचा थर उरलेला असतो.

आता गाडीचा हिशेब. बत्तीस फूट लांब, साधारण आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच म्हणजे दोन हजार घनफुटांच्या आसपास जागा. त्यातली पाऊण भरली आणि एक खोकं दीड घनफुटाचं धरलं, तर हजारभर खोकी बसतात. दोन माणसांनी २४० च्या वेगानं भरायची म्हटली तर दोन तास आणि थोडी मिनिटं. खऱ्या वेगानं, जो पुढे येतोच, जवळजवळ साडेतीन तास. गाडी सुटायची वेळ मात्र तक्त्यात आधीच छापलेली असते, आणि ती दोन तासांच्या हिशेबानं.

घड्याळाच्या शास्त्रात या सगळ्याला जागा आहे, हेही सांगायला हवं. मोजलेल्या वेळेत सवलतीची वेळ मिळवावी लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कार्य-अभ्यासाच्या तक्त्यांमध्ये पाणी, लघवी वगैरेंसाठी पाच टक्के आणि मूळ थकव्यासाठी चार टक्के ही किमान सवलत पुरुष कामगारासाठी धरलेली असते. उभं राहणं, वाकणं, वजन, उकाडा यांची सवलत त्यावर वेगळी. नुसते नऊ टक्के धरले तरी २४० चे २२० होतात. मग बेल्ट अडकणं, लेबल स्कॅन न होणं, फाटलेलं खोकं पुन्हा चिकटवणं, गाडी बदलताना डॉकवर नुसतं उभं राहणं. मी पूर्ण पाळीभर, वेगवेगळ्या रात्री मोजलं तेव्हा माणशी सरासरी दीडशेच्या आसपास आली. ज्यांना मी संथ समजत होतो त्यांचीही आणि ज्यांना तेज समजत होतो त्यांचीही, पाच-दहा नग इकडे-तिकडे.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. कामाला घड्याळ लावण्याचे जनक समजले जाणारे फ्रेडरिक टेलर यांनी अमेरिकेतल्या बेथलहेम पोलाद कारखान्यात १८९९ च्या सुमारास लोखंडाचे ठोकळे उचलणाऱ्या हमालांवर प्रयोग केले. माणशी रोजचे साडेबारा टन होते ते साडेसत्तेचाळीस टनांवर नेले, असा त्यांचा दावा. त्या गोष्टीत किती मीठ-मसाला आहे यावर अभ्यासक अजून भांडतात. पण व्यवस्थापनाच्या वर्गात हा साडेसत्तेचाळीसचा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि त्याच टेलरचा दुसरा आकडा कुणालाच नसतो. जवळजवळ ४२ किलोचा ठोकळा उचलायचा असेल, तर माणसाच्या हातात ओझं दिवसातला फक्त ४३ टक्के वेळ असावं आणि उरलेले ५७ टक्के हात रिकामे असावेत, असं खुद्द टेलर सांगत होते. ज्याला कामगारांचा कर्दनकाळ म्हणतात, त्याच्या हिशेबातही अर्ध्याहून जास्त दिवस बिनओझ्याचा होता.

तेवीस माणसं

आता माणसं किती लागतील ते बघू. आकडे हिशेबासाठी गोल केलेत.

समजा, एका रात्री २४,००० नग येणार आहेत. पाळी आठ तासांची. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी आणि हजेरी, सूचना, पाळी बदलणं यांत आणखी अर्धा तास गेला, तर हातात सात तास उरतात. माणशी तासाला दीडशे धरले, तर एक माणूस रात्रीत १,०५० नग करतो. २४,००० ला त्यानं भागलं की तेवीस माणसं. बहुतेक तक्ते इथेच संपतात.

पण तेवीस माणसं जमिनीवर हवी असतील, तर पटावर तेवढी ठेवून चालत नाही. कुणाचा खाडा होतो, कुणी गावी जातं, कुणाला ताप येतो. शंभरातले बारा गैरहजर धरले, तर पटावर सत्तावीस लागतात. प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी द्यायची असेल, आणि हब सातही दिवस चालू असेल, तर तो आकडा बत्तीसवर जातो. तेवीस आणि बत्तीस यांतल्या नऊ माणसांचा पगार म्हणजे ठेकेदाराच्या खिशातली बचत. ठेका जर 'नगामागे इतके पैसे' असा असेल, तर कमी माणसांत तेवढेच नग काढणं हाच त्याचा नफा. माणूस-दिवसावर ठेका असेल तर गणित थोडं बदलतं, पण मग मूळ कंपनीच माणसं कमी मागते.

याहून मोठी गोम पुढे आहे. माल आठ तासांत सारखा वाटून येत नाही. मुंबईची, भिवंडीची, नागपूरची, हैदराबादची गाडी आपापल्या वेळेला निघते आणि पुण्यात बहुतेक सगळ्या पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान टेकतात. समजा, साठ टक्के माल या तीन तासांत आला. म्हणजे १४,४०० नग, तासाला ४,८००. दीडशेनं भागलं की बत्तीस माणसं हवीत. आपल्याकडे जमिनीवर आहेत तेवीस. आणि उरलेल्या चार तासांत तासाला २,४०० नग, म्हणजे सोळा माणसं पुरे. तेव्हाही आपल्याकडे तेवीसच.

म्हणजे सरासरीनं काढलेली तेवीस ही संख्या रात्रीच्या एकाही तासाला लागू पडत नाही. आधीच्या तासांत सात माणसं जास्त, पहाटे नऊ कमी. आणि वरचे साहेब फेरी मारायला केव्हा येतात? रात्री साडेदहाला. त्यांना खोक्यांवर बसून तंबाखू मळणारे सात जण दिसतात. दुसऱ्या दिवशी ई-मेल येते की वाघोलीत माणसं जास्त आहेत, तीन कमी करा. पहाटे तीनला त्यांच्यापैकी कुणी आलेलं मी तरी पाहिलं नाही.

तीन कमी झाली, राहिली वीस. पहाटे तासाला ४,८०० नग भागिले वीस, म्हणजे माणशी २४०.

इथे दोन वाटा येऊन मिळतात. घड्याळानं पहिल्या तासात दाखवलेला आकडा आणि माणसं कमी पडल्यामुळे लागणारा आकडा एकच निघतो. बैठकीत कुणी म्हणालं की २४० जमत नाहीत, तर उत्तर तयार असतं : 'अहो, मोजणीतच २४० निघालेत.' कमतरता मग माणसांची राहत नाही, माणसातली होते. टार्गेटच्या तक्त्यात 'गैरहजर', 'बेल्ट बंद', 'गाडी उशिरा' असे रकाने मी एकदा घातले होते. पुढच्या महिन्यात तक्ता एका पानावर बसत नाही म्हणून ते काढायला सांगितलं गेलं.

यावर उपाय नाही असं नाही. माल दोनला येतो हे माहीत असेल तर काही जणांची पाळी रात्री दहाऐवजी एकला सुरू करता येते. अमेरिकेतल्या युपीएस या कुरिअर कंपनीत अर्धवेळ कामगारांना दिवसाला किमान साडेतीन तासांचं काम देण्याची हमी युनियनच्या करारात आहे. तिथली बरीचशी भरणी अशा छोट्या पाळ्यांत चालते. आपल्याकडे पहाटे एकला लोणीकंदला पोहोचायला बस नसते, आणि चार तासांच्या मजुरीसाठी कुणी शिरूरहून येणार नाही. म्हणून पाळी आठ तासांचीच, बहुतेकदा बाराची.

कंबर वेगळा हिशेब करते

आता या वेगाचं शरीरावर काय होतं ते. याचंही एक सूत्र आहे, आणि लेखातला सगळ्यात उपयोगी भाग हाच, म्हणून थोडा वेळ काढा.

अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेनं, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं, १९९१ मध्ये उचलण्याचं सुधारित समीकरण तयार केलं. त्याची सुरुवात २३ किलोपासून होते. सगळं अगदी आदर्श असेल तर एवढं वजन बहुतेक निरोगी माणसं धोका न वाढवता उचलू शकतात. आदर्श म्हणजे काय? ओझं अंगाला चिकटलेलं, कंबरेच्या जरा खाली, जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर, अंग न पिळता, धरायला चांगल्या मुठी, आणि अधूनमधूनच उचलायचं. यातलं जे जे बिघडेल त्याचा गुणक, म्हणजे २३ ला ज्यानं गुणायचं तो आकडा, एकपेक्षा कमी होतो आणि २३ ला कात्री लागत जाते.

हबमधलं नेहमीचं खोकं घेऊ. ते मोठं आहे, त्यामुळे हात अंगापासून ४० सेंटिमीटर पुढे जातात. गुणक ०.६२५. तेवीसचे एकदम साडेचौदाच्या आत आले. खोकं जवळजवळ जमिनीवरून, १५ सेंटिमीटरवरून उचलायचं. गुणक ०.८२, उरले पावणेबारा. तिथून मीटरभर वर न्यायचं, उरले दहा. बेल्ट उजवीकडे आणि थप्पी समोर म्हणून अंग ४५ अंश वळतं, उरले पावणेनऊ. पुठ्ठ्याला मुठी नाहीत, उरले सव्वाआठच्या आसपास.

मग येतो वेग. तासाला २४० म्हणजे मिनिटाला चार. आठ तासांच्या पाळीत, मिनिटाला चार वेळा उचलायचं असेल, तर गुणक ०.४५. सव्वाआठचे झाले पावणेचार किलो.

म्हणजे या वेगानं, या रचनेत, शिफारस होते ती पावणेचार किलोची. आणि आपल्या दुसऱ्या लोडरचा सरासरी नग होता नऊ किलोचा. त्याचा वेग मिनिटाला चार नव्हता, बराच कमी होता. समज त्याला त्याबद्दलच मिळाली होती.

आता उलट करून बघू. खोकी जमिनीऐवजी ७५ सेंटिमीटर उंचीच्या रोलरवर आली, लोडर थप्पीकडे तोंड करून उभा राहिला, हात ३० सेंटिमीटरच पुढे गेले आणि उचल ४० सेंटिमीटरचीच उरली, तर त्याच वेगाला, त्याच आठ तासांना, शिफारस आठ किलोवर जाते. शिवाय माणसाला सलग दोनच तास उचलायला लावून मग निदान ३६ मिनिटं स्कॅनिंगसारख्या हलक्या कामावर ठेवलं, तर वेगाचा गुणक ०.७२ होतो आणि शिफारस तेरा किलोच्या जवळ पोहोचते. पावणेचारवरून तेरा. माणूस तोच, नग तेच, ताकद तीच. बदलली ती टेबलाची उंची, उभं राहायची दिशा आणि कामाची आळीपाळी. आमच्याकडे रोलरचा प्रस्ताव मी दिला होता, तो दोन वर्षं 'विचाराधीन' राहिला. तेवढ्या काळात कंबरेचे पट्टे मात्र सगळ्यांना वाटले गेले. हेच नायॉश सांगतं की असे पट्टे निरोगी कामगाराची दुखापत टाळतात याला पुरेसा आधार नाही. पट्टा फोटोत चांगला दिसतो, एवढं खरं.

या सूत्रात आणखी एक अट बारीक अक्षरात आहे. ते १९ ते २६ अंश तापमान गृहीत धरतं. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर उन्हात तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि त्याहून वाईट म्हणजे बंद लोखंडी गाडीच्या आत, रात्री अकरालाही घामानं बनियन पिळून निघतं. तेव्हा पावणेचार किलोसुद्धा उदार हिशेब ठरतो. बीडकडचे एक मामा आमच्याकडे होते, आधी ऊसतोड केलेले. ते म्हणायचे, 'साहेब, उसाची मोळी जड, पण फडात वारं असतं.'

पोतं आणि खोकं

ओझ्याच्या वजनाचा प्रश्न पुण्याला नवा नाही. भवानी पेठ, नाना पेठ, मग गुलटेकडीचं मार्केट यार्ड. बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत इथलीच, आणि स्वस्तात जेवण देणारी 'कष्टाची भाकर'ही तिचीच. शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणा ही मागणी हमालांच्या चळवळीनं वर्षानुवर्षं लावून धरली. जगाच्या पातळीवरही हाच प्रश्न होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्ये ओझ्याच्या कमाल मर्यादेचा करार केला. त्याच्या जोडीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा उल्लेख आहे. भारतानं तो करार २०१० मध्ये मान्य केला.

पंचावन्न आणि तेवीस यांत गोंधळ नको. पंचावन्न ही एका ओझ्याची शेवटची हद्द, तिच्यापुढे जायचंच नाही. तेवीस ही पुन्हापुन्हा उचलण्याच्या हिशेबाची सुरुवात. पोत्याच्या काळात पहिली हद्द महत्त्वाची होती, कारण ओझं मोठं आणि फेऱ्या मोजक्या. कुरिअर हबमध्ये पंचावन्न किलोचं खोकं क्वचित येतं. तिथे ओझं लहान आणि फेऱ्या बेसुमार, त्यामुळे वजनाच्या हद्दीचा कायदा कुठेही मोडला न जाता माणसाच्या कंबरेत उसण भरू शकते.

मजुरीची गोष्टही अशीच उलटी झाली. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या बरोबरच्या कामगारांच्या लढ्यातून आलेला. त्यात मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरतो, आणि मंडळ कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी वगैरे देतं. टोळीचा दर सहसा नगावर किंवा टनावर ठरतो. म्हणजे माल वाढला की टोळीची कमाई वाढते. हबमध्ये मजुरी दिवसावर आणि टार्गेट नगावर. दिवाळीच्या सेलमध्ये माल दुप्पट झाला तर टार्गेट वाढतं, हजेरी तेवढीच राहते. आमच्या हबमधला एकही लोडर माथाडी मंडळात नोंदलेला नव्हता. कागदावर त्यांचं पद 'हेल्पर' होतं.

दुसरी बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. चाकण-रांजणगाव पट्ट्यात माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्यांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले आहेत. काम न करता वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, मागणारे लोक दारात उभे राहिले की कंपन्या 'माथाडी' हा शब्दच टाळू लागतात. त्यात नुकसान होतं ते खऱ्या हमालाचं.

कायद्यात काय आहे

थोडक्यात सांगतो, कारण जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यावर बऱ्याच गोष्टींची कलमं आणि नावं बदलली. आठवड्याला ४८ तास, त्यापुढच्या कामाला दुप्पट दर आणि मध्ये विश्रांतीची सुट्टी ही मूळ चौकट जुनीच आहे. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, हेही १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेलं आहे. पण तासाला किती नग, याचा आकडा आपल्या कायद्यात कुठेच नाही. तो ठरवायला कंपनी मोकळी आहे.

कॅलिफोर्नियानं यावर वेगळी वाट काढली. १ जानेवारी २०२२ पासून तिथे मोठ्या गोदामांना आपलं टार्गेट कामगाराला लेखी द्यावं लागतं, आणि ज्यामुळे जेवण, विश्रांती किंवा लघवीला जाणं बुडेल असं टार्गेट लावता येत नाही. ऐकायला साधं वाटतं. पण २०२४ मध्ये आपल्याकडे हरियाणातल्या मानेसरच्या एका मोठ्या गोदामातून बातमी आली होती. चोवीस फुटी सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला किंवा लघवीला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावली होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं त्यावर केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस पाठवली. सहा ट्रक हा आकडा कुणीतरी, कुठल्यातरी तक्त्यात, भागाकार करूनच काढला असणार. माझ्यासारख्याच कुणीतरी.

हबमध्ये नव्यानं लागणाऱ्या पोरांना मी शेवटच्या वर्षी काही गोष्टी सांगायचो, त्या इथेही सांगतो. टार्गेट किती हे विचारण्याआधी माल कसला ते विचारा, पाकिटं की जड खोकी. गाडीत आत सरकणारा बेल्ट आहे का ते बघा. किती जणांची पाळी आहे आणि प्रत्यक्ष किती आलेत, हे रोज खिशातल्या डायरीत लिहा. बेल्ट किती वाजता बंद पडला आणि किती वाजता सुरू झाला तेही लिहा. टार्गेटवरून बोलणं खाल्लं तर हीच डायरी कामाला येते. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि हबला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल, तर पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. स्लिपवर कपात दिसत असूनही ईएसआयचा नंबर मिळाला नसेल, तर पहिल्या महिन्यातच मागा.

आणि उचलताना चमक भरली तर 'उद्या बघू' म्हणून घरी जाऊ नका. त्याच रात्री सुपरवायझरकडून अपघाताच्या वहीत नोंद करून घ्या. वेळ, गाडीचा नंबर, काय उचलत होतो, सगळं. कामावरची दुखापत मान्य झाली तर बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात उपचार मिळतात आणि रजेच्या काळात मजुरीच्या नव्वद टक्के रक्कम मिळते. नोंद नसेल तर तीच कंबर 'घरी पाण्याचा हंडा उचलताना' गेलेली ठरते. नोंदीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ठेकेदाराच्या ऑफिसातून ती वही हरवायला वेळ लागत नाही.